वरच्या कुरणाचा आकडा

वैजयंती खांबेटेच्या हातून सव्वीस वर्षांत एकही चूक झालेली नव्हती. हे तिनं स्वतःच इतक्यांदा सांगितलं होतं, की ग्लासगोच्या मराठी मंडळातल्या बायकांना ते आरतीसारखं पाठ झालं होतं.

तिची नोकरी एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या जंतू तपासायच्या लॅबमध्ये. कुणाच्या लघवीत काय, कुणाच्या जखमेत काय, ते काचेच्या बशीत पसरायचं, बशी इन्क्युबेटरमध्ये उबवायची, दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके ओळखायचे आणि वर वॉर्डात फोन करायचा, की हा सापडला, ह्याला अमुक औषध लागू पडेल. पेशंटचं तोंड म्हणून तिनं कधी पाहिलं नाही. पण काही काही जंतू ती झाकण उघडल्या उघडल्या नुसत्या वासावरून सांगायची. असा वास घ्यायला सक्त मनाई होती. आता नाकच तसं मिळालेलं, त्याला ती तरी काय करणार!

अठ्ठावन्नाव्या वर्षी तिनं रिटायरमेंट घेतली, कारण नवऱ्यानं, म्हणजे मोहननं, दोन महिने आधी घेतली होती. मोहन भूल देणारा डॉक्टर. जन्मभर दुसऱ्यांना झोपवलं आणि स्वतः मात्र पहाटे पाचला टक्क जागा. घरी बसल्यावर त्याचं लक्ष स्वयंपाकघराकडे गेलं. मोहरी पुरती तडतडली नाही, कुकरची एक शिट्टी कमी झाली, डबे उंचीप्रमाणे लावले तर बरं. आठ आठवडे वैजयंतीनं सोसलं. नवव्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, एक तर तुम्ही परत नोकरी धरा, नाहीतर मी धरते."

"तू धर," मोहन शांतपणे म्हणाला. "मला आत्ता कुठं फोडणीतलं कळायला लागलंय."

मंडळातल्या रश्मीचा मुलगा मिहीर एअर गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माती तपासायची छोटीशी लॅब चालवायचा. चौतिशीचा, इथंच जन्मलेला. मराठी आवडीनं बोलायचा, फक्त तो-ती-ते सगळं एका पोत्यात घालून. त्याला आठवड्यातले चार दिवस एखादं नेटकं माणूस हवं होतं. "काकू, तुमचा काम एकदम परफेक्ट असते असा मम्मी सांगितली," तो म्हणाला. वैजयंतीनं व्याकरणाकडे काणाडोळा केला आणि दुसऱ्या सोमवारी कामावर हजर झाली.

पहिल्याच दिवशी तिनं माती काढायची पोलादी नळी स्पिरिटनं पुसायला घेतली. मिहीर धावत आला. "काकू, नो नो! इथे जंतूला मारायचा नाही. मोजायचा!" तिनं बाटली खाली ठेवली खरी, पण जड मनानं. इतकी वर्षं ज्यांच्या मागं हात धुऊन लागलो, त्यांनाच आता जपायचं, हे पचायला वेळ लागतो. रबराचे हातमोजे सोडायला तिला दोन महिने लागले. मातीनं माखलेले बूट डेटॉलनं धुवायची सवय तर गेलीच नाही. ते ती घरी जाऊन करायची.

काम तसं सोपं. गुरांच्या कुरणातून माती आणायची, चाळायची, मुळं-खडे काढायचे, वजन करून बरण्यांत भरायची. बरण्या तीन दिवस इन्क्युबेटरमध्ये स्थिरावू द्यायच्या, मग झाकणं घट्ट लावून आणखी एक दिवस ठेवायच्या. मातीतले जीव श्वास सोडतात, तो बरणीत साठतो, यंत्र तो मोजतं आणि एक आकडा देतं. जीव भरपूर आणि खाऊनपिऊन सुखी असतील तर आकडा मोठा. गुरांनी वर्षानुवर्षं कुरतडून, तुडवून बोडकं केलेलं कुरण असेल तर लहान. वैजयंतीला हे आवडून गेलं. पेशंटच्या नावाच्या जागी कुरणाचं नाव, बाकी सगळं ओळखीचं.

ह्या लॅबच्या जुन्या गिऱ्हाइकांत एक होती एल्स्पेथ मॅकक्रिंडल. त्रेसष्ट वर्षांची, एकटी. दक्षिण एअरशरच्या टेकड्यांत तिची गुरं, काळीभोर आणि पोटाला रुंद पांढरा पट्टा. जमीन तिची नव्हे, एका मोठ्या इस्टेटीची. आजोबा, वडील आणि आता ती, असे तिघंही कूळ म्हणून राहिलेले. खालच्या शेतांबद्दल तंटा नव्हता. पण टेकडीच्या खांद्यावर साठ एकरांचं वरचं कुरण होतं, ते इस्टेटीला परत हवं होतं, स्प्रूसची सूचिपर्णी झाडं लावायला. आसपासच्या टेकड्या अशाच एकेक करून झाडांखाली गेल्या होत्या. आत उजेड नाही, पाखरू नाही, गवताचं पातं नाही.

एल्स्पेथ भांडली. ती म्हणाली, कुरण मेलंय म्हणून नेताय ना, मग मला पाच वर्षं द्या. गुरं एका पट्ट्यावर एकच दिवस चारीन, दुसऱ्या दिवशी पुढं हलवीन, आणि सोडलेल्या पट्ट्याकडे चाळीस दिवस त्यांना फिरकू देणार नाही. माती जिवंत करून दाखवते. इस्टेटीच्या कारभाऱ्यानं, तिकडे त्याला फॅक्टर म्हणतात, रीतसर कागद केला. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये मातीचा आकडा आला होता चौसष्ट. पाचव्या वर्षी एप्रिलमध्येच, त्याच लॅबमध्ये, तो दीडपट म्हणजे शहाण्णव भरला तर कुरण आणखी पंधरा वर्षं एल्स्पेथकडे. शहाण्णवच्या खाली आला तर त्याच वर्षी झाडं. दोघांनी सह्या केल्या.

ते पाचवं वर्ष यंदाचं.

चौदा एप्रिलला वैजयंती स्वतः माती काढायला गेली. वारा असा, की छत्री उघडायचा विचारसुद्धा हास्यास्पद. कुरणात नागमोडी चालत जायचं, पंचवीस ठिकाणी नळी रोवायची, शेण टाळायचं, फाटकापासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब राहायचं, कारण गुरं तिथं घुटमळतात आणि तिथली माती साऱ्या कुरणाबद्दल भलतंच सांगते. एल्स्पेथ चार पावलं मागून चालत होती, तोंडातून अवाक्षर न काढता. पंचविसाव्या नळीची माती तिनं हातावर घेतली, हुंगली आणि वैजयंतीच्या नाकापुढं धरली. बीट उकडताना येतो तसा वास होता.

"काय वाटतं?" एल्स्पेथनं विचारलं.

"वासाचा आकडा लिहिता येत नाही," वैजयंती म्हणाली.

"लिहिता आला असता तर तुला बोलावलं असतं कशाला?" एल्स्पेथ म्हणाली, आणि त्या दिवशीचं तिचं बोलणं तिथं संपलं.

पुढच्या सोमवारी लॅबमध्ये नवा इन्क्युबेटर आला. जुना कुरकुर करत बंद पडला होता. वैजयंतीनं नवा पुसला, लावला, तापमान ठरवायचं बटण दाबलं, बरण्या आत ठेवल्या. ताळा घ्यायला एरवी ओळखीच्या मातीची एक बरणी सोबत ठेवायची पद्धत होती, पण ती माती त्या आठवड्यात संपलेली. एवढ्यानं काय होतंय, म्हणून कुणी थांबलं नाही. त्या आठवड्यात ती पाचही दिवस आली; रोज सकाळी इन्क्युबेटरचं तापमान बघून वहीत लिहायची आणि पुढं बरोबरची खूण करायची. शुक्रवारी यंत्रानं आकडे दिले. चार बरण्या, चारही एकमेकींना धरून. सरासरी एकशे अठ्ठेचाळीस.

मिहीरनं भुवया वर केल्या. "काकू, हे खूप मोठी नंबर आहे."

"चारही बरण्या सारखं बोलतायत," वैजयंती म्हणाली. "आणि तपासलंय मी."

तिनं तपासलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मिहीरनं सही केली, रिपोर्ट एल्स्पेथला आणि फॅक्टरला एकदमच गेला. संध्याकाळी एल्स्पेथचा फोन आला. तिनं तो आकडा वैजयंतीकडून तीनदा वदवून घेतला. मग पोस्टानं एक पत्र्याचा डबा आला, आत टॅब्लेट, म्हणजे तिकडची दुधा-साखरेची कडक वडी. मोहननं एक तोंडात टाकली आणि आपल्या बर्फीला वेलदोडा असतो म्हणून ती वरचढ, असा निकाल दिला. डबा मात्र त्यानंच संपवत आणला.

त्या दरम्यान वैजयंती आठवडाभर बेसिंगस्टोकला गेली होती, लेकीकडे, ईशिताकडे. ती नसताना कंपनीचा माणूस नवा इन्क्युबेटर जुळवायला आला, त्यानं कागदावर पाहून तापमान लावलं, आणि त्या आठवड्यात वही मिहीरनं भरली. परत आल्यावर वैजयंतीला समोर पंचवीस दिसले, तिनं पंचवीस लिहिले.

सात मेला, गुरुवारी, एप्रिलची वही सही करून बंद करायची होती. तिनं पानं उलटली. वरपासून पंचवीस, पंचवीस, पंचवीस. मग एल्स्पेथच्या बरण्यांचा आठवडा. सदतीस. सदतीस. सदतीस. सदतीस. सदतीस. प्रत्येकापुढं बरोबरची खूण. अक्षर तिचं. खूण तिची.

सदतीस म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब. हॉस्पिटलमधले जंतू माणसात वाढतात, म्हणून तिथं सव्वीस वर्षं इन्क्युबेटर सदतीसवर. जुन्या इन्क्युबेटरवर पंचवीस आधीपासूनच लावलेले होते, तिनं ते नुसते उतरवून घेतले; स्वतः आकडा लावायची वेळ आली तेव्हा तिच्या बोटांना दुसरा ठाऊकच नव्हता. रोज सकाळी सदतीस बघून तिला बरं वाटलं होतं, कारण सदतीस म्हणजे सगळं ठीक. पण स्कॉटलंडच्या टेकडीवरच्या मातीनं सदतीस अंश आयुष्यात पाहिलेले नाहीत. तिच्यासाठी पंचवीसच खूप झाले. सदतीसला तिच्यातले जीव धापा टाकायला लागतात, आणि यंत्र बापडं त्या धापा मोजून आकडा देतं. हे आणखी कुणाच्या हातून झालं नसतं. शेतकी कॉलेजातून आलेल्या पोरानं वाटेल ती चूक केली असती, ही नसती केली.

खुर्ची ओढून ती बसली.

लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. वही तिची, सही तिची, बंद करून कपाटात ठेवली की सात वर्षं तिला कुणी हात लावणार नव्हतं. एल्स्पेथचं कुरण राहिलं असतं. गुरं चरली असती. ह्यात वाईट काय होणार होतं, आणि कुणाचं? तिनं हा विचार केला, चांगली पाच-दहा मिनिटं केला. तिला साध्वी ठरवून काही उपयोग नाही.

मग तिला फ्रिजमधली उरलेली पिशवी आठवली. थंडीत ठेवलेली माती अठ्ठावीस दिवस चालते. तेवीस झाले होते. चार बरण्यांपुरती माती होती, एका चाचणीची, पुन्हा नाही. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. बरण्या भरल्या, इन्क्युबेटरचा काटा पंचवीसवर आहे हे तीनदा पाहिलं, एक वेगळा थर्मामीटरही आत ठेवला. शहाण्णवच्या वर आला तर चूक कबूल करून मोकळं व्हायचं, आणि कुणाचंच काही जाणार नाही. असा तिचा हिशेब होता.

घरी मोहन आमटी ढवळत होता.

"अहो, माझ्या हातून चूक झाली," ती दारातूनच म्हणाली.

मोहननं पळी खाली ठेवली. हे वाक्य त्यानं लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं होतं. "केवढी?"

"साठ एकरांची."

तिनं सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाही टोकलं नाही, हेही पहिल्यांदाच. शेवटी म्हणाला, "पेशंट जिवंत आहे ना अजून?"

"माहीत नाही. सोमवारी कळेल."

रविवारी ती किल्ली घेऊन एकटीच लॅबमध्ये गेली आणि झाकणं लावून आली. सोमवारी सकाळी सातला यंत्रासमोर बसली. नव्वद. एक्क्याण्णव. ब्याण्णव. एक्क्याण्णव.

पाचानं गेलं.

पाच वर्षांपूर्वी चौसष्ट होती ती माती, रोज तारेचं कुंपण हलवून एका बाईनं एक्क्याण्णववर आणली होती. कुणीही पाठ थोपटली असती. पण कागदावर शहाण्णव लिहिलं होतं, आणि कागदाला पाठ थोपटता येत नाही. वैजयंतीनं चारही आकडे पुन्हा मिळवले, चारनं भागले. एक्क्याण्णवच आले. मग तिला रडू आलं. चिडून आलेलं रडू होतं ते, आणि स्वतःवरच चिडलेलं.

मिहीर आला तेव्हा तिनं वही उघडून त्याच्यासमोर ठेवली आणि बाजूला नवे आकडे. त्यानं वाचलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"माझा पण चूक आहे," तो म्हणाला. "मी साइन केला. आणि ती चेकवाली माती नव्हती, तरी मी थांबला नाही." मग त्यानं आधीचा रिपोर्ट स्क्रीनवर उघडला. "रिपोर्ट परत घ्यायला लागेल, काकू. मला दुसरी चॉइस नाही."

"माहीत आहे मला. पण ईमेल दुपारी पाठव. आधी मी तिला सांगून येते."

"मी येऊ?"

"नको. माझं मी निस्तरते."

तास-सव्वा तासाचा रस्ता. तिनं वाटेत तीन भाषणं तयार केली आणि तिन्ही टाकून दिली. एल्स्पेथ वरच्या कुरणातच होती, तारेचं कुंपण पुढच्या पट्ट्यावर न्यायच्या तयारीत. गुरं ओळीनं उभी होती. त्यांना वेळ बरोबर कळायची. वैजयंतीला बघून एल्स्पेथ हसली. हे सगळ्यात वाईट झालं.

वैजयंतीनं उभ्या उभ्या सांगितलं. सदतीस काय, पंचवीस काय, एकशे अठ्ठेचाळीस खोटा, एक्क्याण्णव खरा. चूक कुणाची, तर माझी. एल्स्पेथनं कुंपणाची खुंटी हातातच धरून ठेवली होती.

"हे आणखी कुणाला कळलं असतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"म्हणजे तू गप्प बसली असतीस तर कुरण माझं राहिलं असतं."

"हो."

"मग का नाही बसलीस?"

खरा आकडा, इस्टेटीशी केलेला कागद, लॅबचं नाव, सगळी उत्तरं वैजयंतीच्या तोंडाशी आली. त्यातलं एकही तिला त्या वाऱ्यात बोलवेना. "मला जमलं नाही," ती म्हणाली.

"तुझ्या हातून कधी चूक होत नाही, हे तूच सांगितलंस मला एप्रिलमध्ये, फाटकाशी," एल्स्पेथ म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता झाली, तर ती पुसून तुला पुन्हा कोरं व्हायचंय. तू कोरी होशील. माझं कुरण जाईल. घरी जा बाई."

तिनं खुंटी उपटली आणि तार सैल केली. गुरं नव्या गवतात शिरली. वैजयंती गाडीकडे निघाली. एल्स्पेथचं म्हणणं अगदीच खोटं होतं, असं तिला वाटेत एकदाही वाटलं नाही.

फॅक्टरचं पत्र आठवड्यात आलं. फार सभ्य पत्र होतं. एल्स्पेथनं पुन्हा तपासणी मागितली, त्यानं उत्तर दिलं, की कागदात एप्रिल लिहिलंय आणि एप्रिल सरला. झाडं नोव्हेंबरात लागणार. मिहीरनं लॅबमध्ये नियम केला, की ताळ्याची बरणी नसेल तर चाचणीच नाही. वैजयंती कामावर येत राहिली. इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी ती आता आकडा मोठ्यानं म्हणायची, आणि कुणी हसलं तरी तिला पर्वा नव्हती.

गणपतीत मंडळात रश्मीनं एका नव्या डॉक्टरीणबाईशी तिची ओळख करून दिली. "ह्या वैजयंतीताई बरं का. सव्वीस वर्षांत ह्यांच्या हातून एक म्हणून चूक नाही!"

"झाली," वैजयंती म्हणाली. "एक." आणि मोदकांचं ताट घेऊन पुढं गेली.

नोव्हेंबरात एका गुरुवारी लॅबचा फोन वाजला. एल्स्पेथ होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"सोमवारी खोदायची यंत्रं येतायत," ती म्हणाली. "शनिवारी ये. नळी घेऊन ये."

"आता त्याचा काही उपयोग नाही, एल्स्पेथ. फॅक्टर तो आकडा धरणार नाही."

"फॅक्टरला देतंय कोण? मला हवाय."

शनिवारी दोघी पुन्हा नागमोडी चालल्या. गुरं खाली नेली होती, कुरण रिकामं. माती काळी, भुसभुशीत, नळी सरळ आत जात होती; पूर्वी दाबायला लागायची. पंचवीस ठिकाणं झाली. चहाला ये, असं एल्स्पेथ म्हणाली नाही आणि वैजयंतीनंही वाट पाहिली नाही. पिशवी थंड पेटीत ठेवून ती निघाली. त्याच दुपारी तिनं माती चाळली. ताळ्याची बरणी ठेवली. पंचवीस, मोठ्यानं.

बुधवारी यंत्रानं आकडे दिले. तिनं ते लिहून घेतले, सरासरी काढली, पुन्हा काढली. ताळ्याची बरणी जिथं हवी तिथंच होती. ह्यावेळी चूक कुठंही नव्हती. असती तर तिला बरं वाटलं असतं.

अठ्ठ्याण्णव.

आता ह्यात एक मेख होती. उन्हाळाभर गवत वाढून मुळांनी जमिनीला खायला घातलेलं असतं, त्यामुळे शरदातला आकडा एप्रिलपेक्षा नेहमी थोडा चढाच येतो. नोव्हेंबरचे अठ्ठ्याण्णव म्हणजे एप्रिलचे अठ्ठ्याण्णव नव्हेत. कुरण राहिलं असतं तर पुढच्या एप्रिलला किती झाले असते, हे कुणीच सांगू शकत नाही. शहाण्णव झालेही असते. हे सगळं एका वाक्यात कसं सांगावं, ह्याचा विचार करत वैजयंतीनं तिथल्या तिथं दोनदा फोन उचलून ठेवला. सांगितलं तर त्या बाईच्या जखमेवर मीठ. न सांगितलं तर? एकदा विचार करून झाला होता तिचा ह्यावर. तिसऱ्यांदा तिनं नंबर फिरवला.

एल्स्पेथनं लगेच उचलला. मागं यंत्राची घरघर ऐकू येत होती, माती उपसून ढीग घालणाऱ्या मोठ्या यंत्राची. ती कुरणाच्या बांधावरच उभी असावी.

"आला?"

"आला. अठ्ठ्याण्णव."

पलीकडे फक्त घरघर.

"पण ऐक, एल्स्पेथ," वैजयंती घाईघाईनं म्हणाली, "हा नोव्हेंबरचा आहे. शरदात आकडा जरा चढाच येतो, मुळांमुळं, त्यामुळे एप्रिलशी त्याची सरळ तुलना—"

"गप्प बस," एल्स्पेथ म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "आता तरी. एक मिनिट."

वैजयंती गप्प बसली. तिनं फोन कानाशी धरून ठेवला, पलीकडे एल्स्पेथनंही ठेवला असावा, कारण यंत्र बराच वेळ ऐकू येत राहिलं.